खवले, जाळी, पत्रा

साशंक : तुझी यादी दोनदा वाचली. खेळात पायदळाच्या संरक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत आणि तू त्यांना ओळीनं चिलखत, कवच आणि बख्तर अशी नावं दिली आहेस. हा क्रम आला कुठून, एवढंच आधी सांग. मराठीत हे तीन शब्द एकमेकांच्या शेजारी बसतात, एकमेकांच्या डोक्यावर नाही. कवच संस्कृतातलं, बख्तर फारसीतलं. ‘आईन-ए-अकबरी’तल्या शस्त्रांच्या यादीत ‘चिहिलकद’ नावाचा एक अंगरखा येतो. आपलं चिलखत मला तरी त्याच घराण्यातलं वाटतं. पण कोणता शब्द कोणत्या वाटेनं आला यावरून कोणतं लोखंड जाड हे कसं ठरणार? आणि दुसरी गोष्ट. चिलखत म्हटलं की आपल्याकडच्या पोराला प्रतापगड आठवतो. 10 नोव्हेंबर 1659, अंगरख्याखालचं चिलखत, त्यावर वाया गेलेला खानाचा वार. चौथीच्या इतिहासापासून हा प्रसंग त्याच्या डोक्यात आहे. आता तो खेळ उघडणार आणि ज्यानं महाराजांना वाचवलं तेच चिलखत त्याला सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत कच्चं म्हणून दिसणार. सिंदखेड राजाच्या तालुक्यातल्या पोरांना तू हे वाचायला देणार आहेस का?

उत्साही : सर, पायऱ्या खेळानं ठरवलेल्या आहेत, मी फक्त नावं ठेवली. ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ हा 1999 सालचा खेळ. 2019 साली तो नव्यानं निघाला, त्यात हिंदी आली, मराठी नाही. म्हणून मी मजकुराची फाइल उघडून बसलो. डावीकडे क्रमांक, उजवीकडे वाक्य, अशा हजारो ओळी. त्यात लोहाराचं दुकान येतं. पायदळासाठी तिथे स्केल मेल, चेन मेल आणि प्लेट मेल मिळतं. पहिल्या दोन पायऱ्यांना संरक्षण एकेक गुणानं वाढतं. तिसऱ्या पायरीला हातघाईच्या लढाईत एक आणि बाणांपुढे दोन. आमच्या गल्लीतले पोट्टे मराठी शाळेत शिकतात आणि हा खेळ माझ्यापेक्षा चांगला खेळतात. एकानं विचारलं, दादा, मेल म्हणजे काय? त्याला दोनच मेल ठाऊक आहेत. एक मोबाइलमधला, दुसरी मलकापूरला थांबणारी हावडा मेल. त्यामुळे ती नावं कुणी वाचतच नाही. चित्र बघतात आणि ओरडतात, ‘काहून थांबला? दुसरं घे ना!’ पहिलं, दुसरं, तिसरं, एवढंच. खेळ त्यांना येतो, पण लोहाराच्या दुकानात उभं राहून त्यांच्या तोंडी त्या वस्तूचा एक शब्द येत नाही, हे मला खुपतं. क्रम चुकला असेल तर मी बदलतो. तिथे मराठी शब्द हवा, यावर मात्र मी ठाम आहे.

साशंक : ठाम राहा, पण भाषांतर कशाचं करतोस तेही बघ. इंग्रजीतला हा ‘मेल’ मुळात लॅटिन ‘माकुला’ या शब्दापासून आला, फ्रेंचमधून. माकुला म्हणजे जाळीचं भोक. तेव्हा मेल म्हणजे कड्यांची जाळी, दुसरं काही नाही. तारेची कडी वळवायची, तिची टोकं ठोकून चपटी करायची, ती आजूबाजूच्या चार कड्यांत ओवायची, चपट्या टोकांना भोक पाडून त्यात बाजरीच्या दाण्याएवढा खिळा बसवायचा आणि तो चेपायचा. एक कडी झाली. अशा हजारो कड्या जोडल्या की एक अंगरखा होतो. आता या अर्थानं तुझी यादी वाच. चेन मेल म्हणजे जाळीचीच जाळी. स्केल मेल म्हणजे खवल्यांची जाळी आणि प्लेट मेल म्हणजे पत्र्याची जाळी. खवले आणि पत्रे ही जाळी नव्हेच. हा गोंधळ आला कुठून? इंग्लंडात सॅम्युएल रश मेरिक नावाचा अभ्यासक होता. त्यानं 1824 साली जुन्या चिलखतांवर मोठा ग्रंथ छापला. त्याच्यासमोर वस्तू थोड्या आणि चित्रं फार, हस्तलिखितांतली, मोहरांवरची. जुन्या चितारींनी ती एकच जाळी नाना तऱ्हांनी काढली होती. कुणी सुटी वर्तुळं काढली, कुणी चौकटी, कुणी आडव्या पट्ट्या. मेरिकनं चित्राच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळं चिलखत मानलं आणि वेगळं नाव दिलं. पुढच्या अभ्यासकांनी त्यातलं बरंचसं खोडून काढलं, पण तोवर नावं बाजारात गेली होती. 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ निघाला, त्यानं प्लेट मेल उचललं; तिथून ते संगणकावर आलं. तिरंदाजांची यादी तर आणखी वाईट. त्यांना आधी पॅडेड, मग लेदर आणि शेवटी रिंग. म्हणजे एकाच दुकानात पायदळाला चेन आणि तिरंदाजाला रिंग! रिंग म्हणजे चामड्यावर सुट्या कड्या शिवलेलं चिलखत, अशी ती कल्पना. मध्ययुगीन युरोपात ते कधी होतं याला धड पुरावा नाही. ही चूक इंग्रजीत झाली, इंग्रजीत राहू दे. मराठीत ती आजवर नव्हती. ती आणून लावायचं काम तुझ्या हातून व्हावं असं मला वाटत नाही. ‘प्लेट मेल’ असंच देवनागरीत लिही. वाचणाऱ्याला निदान कळेल की हे परकं आहे.

उत्साही : म्हणजे पोरांनी ‘प्लेट मेल’ वाचायचं आणि जेवणाच्या प्लेटा डोळ्यांपुढे आणायच्या. पण सर, चुकीची नावं आपल्यातही आहेत आणि ती आपण डोक्यावर घेऊन नाचतो. जिरेटोप घ्या. झिरह म्हणजे फारसीत कड्यांची जाळी. जिरेटोप म्हणजे जाळी लावलेला लोखंडी टोप, लढाईत मान आणि कान झाकणारा. आज जिरेटोप कुणाला म्हणतात? कापडाचा, मोत्यांचा तुरा लावलेला, ज्यात लोखंडाची एक कडी नाही, त्याला. 12 जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला सिंदखेड राजात उभे राहा. लहान लहान पोरं तो घालून बापाच्या खांद्यावर बसलेली दिसतील. त्यांना जाऊन सांगाल का, की बाळा, याला जिरेटोप म्हणू नये? तुम्हीच नाही सांगणार. कारण त्या शब्दानं आपलं लोखंड सोडलं आणि दुसरा जीव धरला. मग खेळातल्या बख्तरानं थोडी जागा बदलली तर एवढं काय बिघडलं?

साशंक : जिरेटोपाला कुणी एका माणसानं हलवलं नाही. दोनशे-अडीचशे वर्षं लोक तो शब्द वापरत राहिले, लढाया संपल्या, लोखंड गेलं आणि नाव डोक्यावरच राहिलं. तू एका रात्रीत, एका फाइलीत तीन शब्दांना तीन जागा नेमून देतोस. नेमून दिलेल्या नावांचं काय होतं हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. साखरखेर्ड्याची लढाई ठाऊक आहे ना? ऑक्टोबर 1724. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान आपल्या या मातीत भिडले, मुबारिजखान पडला आणि निजामाला दख्खन मोकळी झाली. जिंकल्यावर त्यानं गावाचं नाव बदलून फतेहखेर्डा केलं. फत्तेचं गाव. सरकारी दप्तरात ते नाव पुढे पुष्कळ वर्षं चाललं. आज मेहकरहून निघालेल्या कुणालाही विचार, तो साखरखेर्डा म्हणेल. दख्खन जिंकलेल्या माणसाला एका खेड्याचं नाव बदलता आलं नाही. त्याच्याही आधीचं उदाहरण आपल्या घरातलं आहे आणि ते सांगताना मला आनंद होत नाही. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. रघुनाथपंत हणमंत्यांकडे ते काम होतं. जवळजवळ 1380 शब्द, दहा वर्ग, त्यात एक अख्खा शस्त्रवर्ग. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय. तुझंच काम, फक्त साडेतीनशे वर्षं आधी केलेलं आणि पाठीशी छत्रपती उभे. त्यात पेशव्याला मुख्यप्रधान म्हटलं. पुढे काय झालं? मराठी माणूस पेशवा म्हणाला, पेशवाई म्हणाला आणि मुख्यप्रधान परीक्षेच्या उत्तरात राहिला. तोफ तोफच राहिली. चिलखत आणि बख्तरही जागचे हलले नाहीत. नाहीतर आज तुझ्या यादीत ते आले असते का?

उत्साही : तुम्ही एकच पान वाचून दाखवलंत, सर. मागचं पानही वाचा. सुरनिसाला सचिव म्हटलं. वाकनिसाला मंत्री म्हटलं. सरनोबताला सेनापती म्हटलं. आज मंत्रालयात कोण बसतं? मंत्री आणि सचिव. सुरनीस आणि वाकनीस आता कुणाला आठवतात, आडनावांखेरीज? म्हणजे कोशातले काही शब्द वाळले आणि काही असे रुजले की ते कधी नेमून दिले होते हेच आपण विसरलो. महापौर हा शब्दही असाच कुणीतरी घडवला, तेव्हा लोक हसले असतील. आता मेयर म्हटलं तर आपल्याला परकं वाटतं. पेरण्याआधी कोणता दाणा उगवणार हे कुणाला कळतं? तुमच्या साखरखेर्ड्याचं मी मनाला लावून घेतो, खरंच. पण तिथे लोकांकडे आधीचं नाव होतं. आमच्या पोट्ट्यांकडे लोहाराच्या दुकानात कोणतंच नाव नाही. रिकाम्या जागी ठेवलेला शब्द आणि भरल्या जागी घुसवलेला शब्द यांत फरक आहे. आणखी एक सांगायचं होतं, पण तुम्ही रागवाल म्हणून थांबलो होतो. प्लेट मेल म्हणजे पत्र्याची जाळी, असं काही नसतंच, असं तुम्ही म्हणालात. आपल्याकडे असतं. त्यालाच बख्तर म्हणतात.

साशंक : ...हे मला आधी सुचायला हवं होतं. थांब, नीट सांगू दे. जुन्या बख्तरासमोर मी एकदा बराच वेळ उभा होतो, काचेपलीकडे का होईना. लांबून पाहिलं तर कड्यांचा अंगरखा. जवळ गेलं की छातीवर आणि पाठीवर पोलादाच्या पट्ट्यांच्या उभ्या ओळी दिसतात, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. पण त्या कापडावर शिवलेल्या नसतात. प्रत्येक पट्टीच्या कडेला बारीक भोकं असतात आणि त्या भोकांतून कड्या जातात. तीच कडी पुढे जाळीत मिसळते. पट्टी कुठे संपली आणि जाळी कुठे सुरू झाली, बोट ठेवून सांगता येत नाही. काखेत आणि हातांवर नुसती जाळी, कारण तिथे वाकायचं असतं. पोटावर पत्रे, कारण तिथे वार बसतो. इंग्लंडात लीड्सच्या संग्रहालयात आपल्याकडून नेलेलं हत्तीचं चिलखत आहे, 118 किलो वजनाचं. तेही याच रचनेचं, पत्रे आणि जाळी एकात विणलेले. तेव्हा तुझं म्हणणं मला मान्य करावं लागतं. ‘प्लेट मेल’ हे नाव युरोपच्या वस्तूला चुकीचं आहे आणि आपल्या वस्तूला तंतोतंत बरोबर. चूक करणाऱ्या इंग्रजाला ठाऊकही नसेल की तो बुऱ्हाणपूरच्या घोडेस्वाराचं वर्णन करतोय. पण मग एक अडचण वाढली, कमी झाली नाही. नाव आपलं आणि चित्र त्यांचं. तुझ्या पडद्यावर जो शिपाई तिसऱ्या पायरीला पोहोचतो तो डोक्यापासून टाचेपर्यंत पत्र्यात बंद असलेला फिरंगी आहे. पोरगं ते बघून समजेल की बख्तर असं असतं. म्हणजे नाव वाचलं आणि वस्तू हरवली.

उत्साही : चित्राचंही ऐका. त्या दुकानात गिऱ्हाईक एक नाही. जपानी, व्हायकिंग, मंगोल, 2022 च्या विस्तारापासून बंगाली आणि गुर्जरही, सगळे त्याच लोहाराकडे जातात आणि तीच नावं विकत घेतात. अझ्टेकांचं पायदळसुद्धा प्लेट मेल घेतं. त्यांच्याकडे लढाईचं लोखंड नव्हतंच. कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा घालून ते लढत. म्हणजे खेळानंच वस्तू केव्हाच सोडून दिली आहे. तिथे प्लेट मेल म्हणजे पत्रा नाही, तिसरी पायरी आहे. नाव पायरीचं, अंगावर जे असेल ते असो. मग मी पायरीचं भाषांतर करू की पत्र्याचं? तुम्ही मघापासून पत्र्याचं मागताय आणि माझी पोरं पायरीचं.

साशंक : हा प्रश्न बरा विचारलास, आणि मला वाटतं खरा गुंता इथेच आहे. त्या तीन नावांवर आपण इतका वेळ भांडलो. पण तुझ्या यादीत खाली दोन शब्द आहेत, त्यांच्यावरून तू घाईनं पुढे गेलास. प्रत्येक शिपायाच्या नावाखाली दोन आकडे आहेत, एक ‘मेली आर्मर’ आणि एक ‘पिअर्स आर्मर’. तू लिहिलंस ‘हातघाईचं कवच’ आणि ‘भोसकणारं कवच’. भोसकणारं कवच! कवच भोसकतं का? बरं, भोसकण्यापासून वाचवणारं असं म्हणायचं होतं समजू. मग भालाईत घे. भालाईत दुसरं काय करतो? भोसकतो. आणि तूच मला सांगितलं होतंस की खेळात भालाइताचा घाव पिअर्समध्ये मोजत नाहीत, मेलीमध्ये मोजतात. पिअर्समध्ये येतात ते बाण. पोरगं तुझं मराठी वाचून भालाइतापासून वाचायला पिअर्सचा आकडा वाढवत बसेल आणि मरेल. इथे शब्द वस्तूचा नाही, कामाचा आहे, आणि तुझा शब्द काम चुकीचं सांगतोय. त्याच्याही खाली आणखी एक थर आहे म्हणालास, जो पडद्यावर दिसतच नाही. घोडेस्वाराला ‘कॅव्हलरी’ जातीचं आर्मर असतं, त्याची किंमत शून्य. ते असणं हाच त्याचा तोटा, कारण भालाइताचा साधा घाव 3, पण हे आर्मर ज्याच्याकडे आहे त्याच्यावर जादा 15. म्हणजे नाव संरक्षणाचं आणि काम कमजोरी दाखवायचं. जुन्या आवृत्तीत तर उंटस्वाराला जहाजांच्या जातीत टाकलं होतं. या सगळ्याला तू मराठीत ‘कवच’ म्हणणार? कर्णाचं कवच काढून दिलं तेव्हा तो मरणाला उघडा पडला. इथे उलट, कवच काढलं तर घोडेस्वार भाल्यापासून वाचेल.

उत्साही : ‘भोसकणारं’ चुकलं, मान्य. रात्री दोन वाजता लिहिलं होतं. पण तुम्ही म्हणालात ते ऐकता ऐकता मला मराठीतच उत्तर सापडतंय. इंग्रजीनं तिथे बाणाचं टोक पाहिलं आणि पिअर्स म्हटलं, म्हणून भालाईत अडकला. मराठी टोक बघत नाही, अंतर बघते. तलवारीचा वार होतो, भाल्याचाही वार होतो, लाठीचाही. बाणांचा वार होतो का? बाणांचा मारा होतो. तोफेचा मारा, दगडांचा मारा, पाण्याच्या फवाऱ्याचासुद्धा मारा. हातात धरून केला तो वार, लांबून केला तो मारा. आमच्या आजीलाही हा फरक ठाऊक आहे, तिनं कधी खेळ पाहिला नाही. ‘वार : 1, मारा : 2’ एवढं लिहिलं की संपलं. खेळ बनवणाऱ्यांनाही हे पुढे कळलं असावं. 2021 साली आलेल्या चौथ्या भागात त्यांनी पिअर्स काढून टाकलं आणि लांबच्या माऱ्यासाठी ‘रेंज्ड’ लिहिलं. आपल्याकडे तो शब्द आधीच होता.

साशंक : वार आणि मारा. हे चांगलं आहे, फार चांगलं आहे. संस्कृतात शस्त्र आणि अस्त्र असाच भेद होता, हातातलं आणि फेकायचं. अस्त्र आपण क्षेपणास्त्रात ठेवलं आणि बाकी विसरलो. वार-मारा मात्र अजून रोजच्या तोंडी आहे. भालाफेक्याचं काय, तो भाला फेकतो?

उत्साही : मारा. खेळातही तो माऱ्यातच मोजतात.

साशंक : मग तिथे माझी हरकत संपली. कवच या शब्दाचीही मग सोय लागते. कवच आज अंगावर घालायचं राहिलेलं नाही. विमा कवच म्हणतो, सुरक्षा कवच म्हणतो, रेल्वेनं गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून जी यंत्रणा बसवली तिचं नावही कवच. देवीचं कवच तर पाठ म्हणायचं असतं. म्हणजे ज्याला आकार नाही असं संरक्षण. आकड्याला कवच म्हण, ‘वाराचं कवच 1, माऱ्याचं कवच 2’. तीन पायऱ्यांतून मात्र त्याला काढ. तिथे ज्याला हात लावता येतो तेच शब्द हवेत. पहिली पायरी खवल्यांची, म्हणजे ‘खवल्यांचं चिलखत’. खवल्या मांजर आपल्या रानातल्या पोरांना सांगावं लागत नाही. तिसरं बख्तर. दुसऱ्याला काय म्हणशील? ‘साखळीचं’ म्हणू नकोस. साखळी लांब असते, बैलाच्या गळ्यातली. अंगाभोवती साखळी गुंडाळलेला शिपाई दिसेल.

उत्साही : मी ‘जाळीचं चिलखत’ लिहिलं होतं आणि खोडलं. पोरांना विचारून बघितलं. एक म्हणाला, जाळीतून तर बाण आत येईल ना दादा. त्याच्या दृष्टीनं जाळी म्हणजे जिच्यातून पलीकडे जातं ती, खिडकीची किंवा मासे धरायची.

साशंक : त्या पोराचं बरोबर आहे. बारीक, लांबट टोकाचा बाण जाळीतून जायचाच. म्हणून तर तिच्यात पत्रे विणायची वेळ आली. जाळी तलवारीच्या धारेला अडवते, टोकाला नाही. ‘जाळीचं’ लिहिलंस तर नाव वाचूनच त्याला कळेल की पुढची पायरी का हवी.

उत्साही : पण खेळात तसं होत नाही! दुसऱ्या पायरीला वार आणि मारा दोन्हींचं कवच सारखंच वाढतं, एकेक. तुमचं नाव खऱ्या जगातलं कारण सांगेल आणि खेळ दुसरंच करेल. मघाशी चित्र त्यांचं आणि नाव आपलं म्हणून तुम्ही अडवलंत. आता नाव खरं आणि आकडा खोटा होतोय.

साशंक : हो. आणि यातून सुटायची वाट मला दिसत नाही. वस्तू सांगितली तर खेळ चुकतो, खेळ सांगितला तर वस्तू चुकते. एखाद्या शब्दात दोन्ही जुळतं, जसं बख्तरात जुळलं, पण ते नशिबानं. तू घोड्यांच्या ओळी दाखवल्या नाहीस. तिथे काय केलंस?

उत्साही : तिथे इंग्रजीत बार्डिंग आहे, घोड्याचं चिलखत. मी पुष्कळ दिवस ‘घोड्याचं चिलखत’ असंच लिहून ठेवलं होतं. मग जुन्या मजकुरात शब्द सापडला, पाखर. खवल्यांची पाखर, जाळीची पाखर, पत्र्यांची पाखर. तीन ओळी एका झटक्यात बसल्या. आणि खेळात लढाऊ हत्तीलाही हीच पायरी लागू होते. इंग्रजीत बार्डिंग मुख्यतः घोड्याचं, आपल्याकडे पाखर हत्तीलाही चालते.

साशंक : चालते म्हणजे काय, ‘आईन-ए-अकबरी’त हत्तीच्या साजात पाखर नावानिशी येते. पोलादाची, डोक्याला वेगळी आणि सोंडेला वेगळी. तुला कल्पना आहे का तू काय उकरून काढलंस? आज पाखर कुठे उरली आहे? ‘आईच्या मायेची पाखर’, ‘आजोबांनी पाखर घातली’. निरोपाच्या भाषणात, श्रद्धांजलीत, लग्नपत्रिकेत. मी आयुष्यभर तो शब्द वापरला आणि मला वाटत राहिलं की पक्षिणीनं पिलांवर पंख पसरावेत तसं काहीतरी. पाखर म्हणताना पाखरूच डोळ्यांपुढे यायचं. ती घोड्याच्या अंगावरून गुडघ्यापर्यंत लोंबणारी लोखंडी झूल आहे, हे फार उशिरा कळलं. कळल्यावर आईच्या मायेचा अर्थही माझ्यासाठी बदलला. वर ऊब असते असं वाटायचं. आत लोखंड असतं, घाव झेलायला. लखुजीराव जाधवांच्या वाड्यासमोरून जाताना नेहमी वाटतं, या दारातून पाखर घातलेली घोडी निघाली असतील आणि बघणाऱ्या लेकीला तो शब्द शिकवावा लागला नसेल.

उत्साही : म्हणजे ही ओळ ठेवायची ना?

साशंक : ठेव. पण याच्यातही मला भीती आहे, ती सांगून ठेवतो. पोरगं खेळात शिकेल की पाखर म्हणजे तीन पायऱ्या, एवढं अन्न, एवढं सोनं, एकेक गुण. पुढे कधी त्याला कुणी म्हणेल, तुझ्या आईनं तुझ्यावर पाखर घातली, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे लोहाराच्या दुकानातलं बटण येईल. शब्दाला लोखंड परत मिळेल आणि माया जाईल, असंही होऊ शकतं.

उत्साही : किंवा दोन्ही येतील. आज त्याच्याकडे दोन्ही नाहीत, सर. श्रद्धांजलीच्या बातम्या तो वाचत नाही.

साशंक : असेल तसं. तिरंदाजांचं सांग. पॅडेडला काय केलंस?

उत्साही : ‘डगला’. कापूस भरलेला. मग ‘चामड्याचा डगला’. तिसऱ्याला इंग्रजीत रिंग आहे, तुम्ही म्हणालात ती नसलेली वस्तू. चामड्यावर कड्या. ‘कड्यांचा डगला’ लिहिलं तर मेरिकची चूक मीच मराठीत आणली असं होईल. ‘जाळीचा’ लिहिलं तर पायदळाच्या दुसऱ्या पायरीत आणि यात फरक उरत नाही. पोरं विचारतील, दादा, हे तर आधी घेतलं होतं. आपल्याकडे हजार खिळ्यांचा एक अंगरखा होता म्हणतात, चिलता हजार माशा, मखमलीवर सोनेरी खिळे ठोकलेला. तो लिहावा असं एकदा वाटलं.

साशंक : तो सरदाराचा पोशाख आहे. पायी चालणाऱ्या तिरंदाजाच्या अंगावर मखमल चढवशील?

उत्साही : म्हणूनच नाही लिहिला.

साशंक : जी वस्तू कधी नव्हतीच तिचं नाव करू नकोस. तिथे ‘तिसरा डगला’ एवढंच लिही. खोटं तरी होणार नाही.

उत्साही : ‘काहून थांबला, तिसरं घे ना’ असं पोट्टे आत्ताही म्हणतातच, सर. तेच लिहायचं असतं तर मी ही फाइल उघडलीच नसती. ती ओळ मी रिकामी ठेवली आहे. खेळ चालू केला की तिथे नुसतं चित्र येतं आणि खाली किंमत.